भावाआधी वजन विचारा
जुनी नाणी घेताना निम्म्या भावापासून घासाघीस सुरू करा, हा सल्ला मुंबईच्या चोर बाजारात चालतो, कारण तिथे नाणं हातात असतं. ऑनलाइन घेताना मी आधी दोन्ही बाजूंचे उजेडातले फोटो आणि काट्यावरचं वजन मागते. ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजलेला असेल तर किंचित कमी. १९४० पासून त्यात चांदी निम्मीच, १९४७चा तर चक्क निकेलचा! तरी ‘शुद्ध चांदी’ म्हणून खपवणारे भेटतातच. अशा विक्रेत्याला हे नम्रपणे लिहून पाठवा, मग भावाचं बोला. १९३९चा मात्र दुर्मीळ, त्यामुळे नकलाही निघतात; स्वस्तात दिसला तर हुरळू नका. विक्रेता मुंबईतलाच असेल तर दादर स्टेशनला भेटा आणि कुरियरचे पैसे वजा करायला सांगा.