बकेट सगळ्यांसाठी उघडण्याआधी थोडं थांबा
ॲमेझॉनच्या एस थ्री या ऑनलाइन फाइल-साठवणीतल्या बकेटमधले (म्हणजे फाइलींच्या कप्प्यातले) फोटो ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ असा एरर, देतात म्हणून ‘ब्लॉक पब्लिक ॲक्सेस’ या बाहेरच्यांना अडवणाऱ्या सेटिंगच्या चारही टिक काढून टाका, असा सल्ला कुणी दिला तर कृपया पाळू नका. एप्रिल २०२३पासून एस थ्रीच्या नव्या बकेटवर ही सेटिंग आपोआप चालू असते, ते उगाच नाही. आमच्या नागपुरात धरमपेठेतल्या एका शिकवणी वर्गाच्या बकेटमध्ये जाहिरातीच्या फोटोंशेजारीच पोरांची आधार कार्डं होती. पॉलिसीत, म्हणजे कोणाला काय परवानगी त्या नियमांत, ‘गेटऑब्जेक्ट’ (फाइल वाचायची परवानगी) सगळ्यांना, रिसोर्सच्या शेवटी नुसता तारा, म्हणजे बकेटमधली प्रत्येक फाइल. वर ‘लिस्टबकेट’ही (फाइलींची यादी पाहायची परवानगी) दिलेलं, म्हणजे फाइलचं नाव माहीत असायचीसुद्धा गरज नाही! पोटात गोळाच आला माझ्या. फोटोंसाठी वेगळी बकेट करा, तीही बंदच ठेवून समोर क्लाउडफ्रंट (ॲमेझॉनचीच, फाइली लोकांपर्यंत पोचवणारी सेवा) लावा. कागदपत्रं द्यायची तर प्रीसाइन्ड यूआरएल, म्हणजे ठरावीक वेळेपुरतीच चालणारी लिंक. मुदत ७ दिवसांपर्यंत देता येते, मी १० मिनिटंच ठेवतो.