डिसेंबरात गावी जाताना लेकीच्या हातात फोन द्यायचा का?

नमस्कार मंडळी,

यंदा डिसेंबरात आम्ही चौघं मालवणला जातोय, गोव्यात मोपा विमानतळावर उतरून पुढे गाडीने, आणि शाळा सुरू व्हायच्या आत मेलबर्नला परत. एका गोष्टीवर सल्ला हवाय, घरात रोज यावरून वाद होतोय म्हणून शेवटी इथे, आपल्या मराठी मंडळाच्या मेल-यादीवर, लिहितेय.

लेक बारा वर्षांची आहे. सुट्टी संपली की इयर सेव्हन, म्हणजे हायस्कूल, आणि ट्रेनने एकटी जाणार. तिला अजून स्वतःचा फोन नाहीये, घरात एक आयपॅड आहे तो हॉलमध्येच असतो. आम्ही दोघांनी ठरवलं होतं की सोळा होईपर्यंत स्मार्टफोन नाही. आणि परवा सासूबाईंचा फोन आला की बाबांनी नातीसाठी मोबाईल घेऊन ठेवलाय, बॉक्स कपाटात आहे, तिला सांगू नका सरप्राईज आहे. तिकडे चुलत भावंडांच्या हातात सगळ्यांच्या मोबाईल, मग आपली एकटीच त्यांच्या तोंडाकडे बघत बसणार का, असं बाबांचं म्हणणं. नवरा म्हणतो महिनाभर वापरू दे, येताना तिथेच ठेवून येऊ. मला ते अजिबात पटत नाहीये, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हौसेने आणलेली वस्तू परत करा असं सुनेने कसं सांगायचं? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी प्लीज लिहा.

– लेकीची आई, मेलबर्न

०००

ताई, नमस्कार.

मी आधी कायद्याचं सांगतो, कारण मंडळात बऱ्याच जणांचा यात गोंधळ आहे. इथे ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून जे लागू झालं ती फोनवर बंदी नाही, सोशल मीडियाच्या अकाउंटवर आहे. सोळाच्या आतल्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट, ट्विच, किक यांच्यावर अकाउंट ठेवता येत नाही. व्हॉट्सॅप, मेसेंजर, यूट्यूब किड्स, गूगल क्लासरूम त्यात धरलेले नाहीत. आणि दंड मुलांना नाही, आईबापांना पण नाही, कंपन्यांना आहे, ४९.५ मिलियन डॉलरपर्यंत. म्हणजे फोन कधी द्यायचा हे सरकारने ठरवलेलं नाही, ते आपल्यालाच ठरवायचंय.

मालवणात हा कायदा कोणी बघत बसणार नाही हे उघड आहे. लॉगिन न करता यूट्यूब तर इथेही दिसतंच. भारतात २०२३ चा जो डेटा संरक्षण कायदा आहे त्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं, आणि त्याचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत असंही आहे. पण तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आणि चुलत भावाने स्वतःच्या वडिलांच्या फोनवरून अकाउंट उघडलं असेल तर कुठला कायदा काय करणार.

माझं मत म्हणाल तर नवऱ्याची आयडिया सगळ्यात वाईट. महिनाभर द्यायचा आणि विमानतळावर काढून घ्यायचा, ते पण हायस्कूल सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, यात भांडण ठरलेलंच. द्यायचा तर ठेवायच्या तयारीने द्या, नाहीतर देऊच नका. आमच्या मोठ्याला आम्ही नववीत दिला, रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा या एकाच अटीवर, आणि ती अट आजही चालू आहे. बाकीच्या अटी हळूहळू गळाल्या पण ही गळू दिली नाही. झोप नीट राहिली की बाकीच्या गोष्टींवर त्याच्याशी बोलता येतं, हा आमचा अनुभव.

– दोन मुलांचा बाबा, मेलबर्न

०००

गो बाय, मी मालवणातून लिहितेय. जुन्या लोकांना आठवत असेन, निवृत्तीनंतर आम्ही दोघं इथे येऊन राहिलो पण या यादीतून काही नाव काढलं नाही. मुलगा, सून, नातवंडं अजून तिकडेच, डिसेंबरात येतात, त्यामुळे तुझा प्रश्न माझ्या घरातलाच आहे.

इथली परिस्थिती आधी समजून घे. तुम्हाला तिकडे वाटतं की गावातल्या लोकांनी पोरांना मोबाईल देऊन टाकले. तसं कोणी ठरवून केलेलं नाही गो. २०२० साली शाळा बंद झाल्या, अभ्यास व्हॉट्सॅपवर यायला लागला, रेंज मिळायची नाही म्हणून पोरं सड्यावर, म्हणजे उंचावरच्या माळावर, जाऊन छत्री घेऊन बसायची. घरात एकच चांगला फोन, तो बापाचा, तो मुलांच्या हातात गेला आणि शाळा उघडल्या तरी पुरता परत आलाच नाही. द्यायचा की नाही असा प्रश्न कोणी विचारायच्या आधीच तो देऊन झाला होता. अजून पण काही वर्गांचा गृहपाठ ग्रूपवर येतो आणि बाप होडीवर असतो, मग संध्याकाळी बाप आला की पोरगा दारातच फोन मागतो, आणि अभ्यास झाल्यावर रील्स चालू होतात ते जेवण वाढेपर्यंत. घरातलं दमलेलं माणूस तेव्हा काही बोलत नाही. त्यामुळे तुझ्या पुतण्यांकडे फोन आहेत म्हणजे त्यांच्या आईबापांना ते पटलेलं आहे असं धरून चालू नकोस. तुझ्या जावेला एकदा फोन करून विचार, मला वाटतं ती पण कंटाळलेली असेल. तुम्ही दोघी मिळून ठरवलंत तर तुझी लेक एकटी पडणार नाही, आणि ती एकटी पडेल हीच तर आजोबांची काळजी आहे.

आता आजोबांचं. त्यांचा फोन परत करू नकोस. घे, पण घरासाठी घे. त्यांना सरळ सांग की बाबा, हा तुमच्या घरातला मुलांचा फोन, ओटीवर राहील, सांभाळायचा तुम्ही. सिम तुमच्या नावावर, पासवर्ड तुमच्याकडे. नात येईल तेव्हा तिने त्यावर फोटो काढावेत, आईला फोन लावावा, कोणता पक्षी ते बघावं, आणि उठली की परत ओटीवर ठेवावा. आणि ती मेलबर्नला गेली की त्याच फोनवरून तुम्ही रविवारी तिला व्हिडिओ कॉल लावायचा. माझ्या ह्यांच्याकडे बघून सांगते, आजोबा लोक यंत्र देऊन काय मागत असतात, तर नातवंडाने आपल्याशी बोलावं. वर्षातले अकरा महिने पोरं तिकडे असतात, हाय आजोबा बाय आजोबा एवढंच बोलणं होतं. बोलायचं कारण मिळालं तर कपाटातल्या बॉक्सचा हट्ट ते आपणहून सोडतील.

सेटिंगचं तुमची तरुण मंडळी माझ्यापेक्षा जास्त सांगतील. पण एक मात्र कर, त्या फोनवर आजोबांचं बँकेचं काही नको. गूगल पे, फोन पे, ओटीपी येणारा नंबर, काहीच नको. आमच्या वाडीत एका पोराने गेममध्ये आजोबांचे पैसे घालवले, पिन त्याला पाठ होता कारण आजोबांना बारीक दिसत नाही म्हणून दुकानात तोच दाबून द्यायचा. पोराने चोरी केली असं मी म्हणणार नाही, मोठ्यांनीच त्याच्या हातात दिलं होतं सगळं. असं काही झालंच तर इथे १९३० नंबर आहे सायबर फसवणुकीचा, लगेच लावायचा, उशीर करायचा नाही. आणि पोरांना कोणी घाणेरडं काही पाठवलं, फोटो मागितले, तर १०९८. हे दोन्ही नंबर लेकीला पाठ करून घे, फोन दिलास तरी आणि नाही दिलास तरी, कारण भावंडांचा फोन तिच्या हातात येणारच आहे.

तिचं मन लागेल का याची मात्र चिंता करू नकोस. मागच्या डिसेंबरात शेजारचा नातू आला होता परदेशातून, तेरा वर्षांचा. सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं, दोरांनी ओढत होते, दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस माणसं, आणि हा मधे उभा राहून व्हिडिओ काढत होता. जाळं जवळ आलं तशा वर घारी फिरायला लागल्या, म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे मच्छीमारांच्या म्होरक्याने, मागे न बघताच हाक मारली, "रे झिला, ता थय ठेव नि दोरी धर!" पोरगा आधी बावरला, मग फोन आजीच्या पिशवीत टाकला आणि दोरीला लागला. दोर खरखरीत आणि ओला, तळहात लाल झाले त्याचे, मागे चालायचं ते वाळूत टाच रुतवून, पुढच्याने म्हटलं "होऽ" की सगळ्यांनी एकदम. बांगडे आणि तारली पडली होती भरपूर. रापणीत जो ओढतो त्याला वाटा मिळतो, लहान असो मोठा असो, तसा त्यालाही मिळाला, पिशवीत बांगडे घेऊन आला घरी आणि आजीला म्हणतो मी कमावलेत. संध्याकाळी परत फोन मागितलाच त्याने, मित्रांना सांगायला, आणि आजीने दिला. मला त्यात काही गैर वाटलं नाही. सांगायला काहीतरी होतं ना त्याच्याकडे.

तोच तांडेल पहाटे स्वतः मोबाईल बघूनच बाहेर पडतो हं. वारा कसा आहे, पाणी कसं आहे, इन्कॉइसची, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेची, सूचना काय आली, सगळं त्यात. मोबाईलशिवाय इथला मच्छीमार आता चालत नाही. मोठा माणूस फोन कामाला काढतो आणि काम झालं की खिशात ठेवतो हे मुलांना दिसायला पाहिजे. आमच्या घरांत दिसतं ते उलटं, आजी सिरियल बघते, आजोबा फॉरवर्ड वाचतात, बाबा ऑफिसचं बघतात, आणि पोराला सांगतात तू बाहेर खेळ. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून चालू केलं होतं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की गावातले टीव्ही मोबाईल बंद, साडेआठपर्यंत, पोरांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी पण हातात मोबाईल घ्यायचा नाही. अख्ख्या गावाने मिळून केलं म्हणून ते झालं, एका घराने केलं असतं तर पोरगा शेजारी जाऊन बसला असता. तुमच्या घरात डिसेंबरात दहा-बारा माणसं असतील, तेवढ्यांचं तरी तिन्हीसांजेपासून जेवणापर्यंत ठरवा. दिवा लागला की सगळे फोन देवघराजवळच्या फळीवर, सासऱ्यांचा पहिला. जत्रेला दशावतार बघायला जाल तेव्हा पण कोणीच नको, रात्रभर नाटक असतं आणि पुढे बसलेला एक जण जरी मोबाईल वर धरून बसला तरी मागच्या पोरांना राजा दिसत नाही, स्क्रीनच दिसते.

वयाचं विचारशील तर पंधरा-सोळाच्या आत स्वतःचा स्मार्टफोन नको, या मताची मी पक्की आहे. त्याच्या आधी घरचा फोन, सगळ्यांचा.

– काकू, मालवण

०००

काकू, तुमचा मेल मोठ्याने वाचून दाखवला घरात. नवरा गप्प झाला एकदम, मग म्हणाला वहिनीला मीच फोन करतो. केला पण. ती म्हणाली तुम्ही आलात की आमच्या दोघांचे पण फळीवर, मला एकटीला ते जमत नव्हतं. बाबांशी मी रविवारी बोलेन, ओटीवरचा फोन ही कल्पना त्यांना आवडेल असं वाटतंय, सासूबाईंना तरी आवडली.

माझा दुसरा प्रश्न मात्र राहिला. इकडे परत आल्यावर ट्रेनचं काय? शाळेत तर फोन लॉकरमध्येच असतो, व्हिक्टोरियातल्या सरकारी शाळांत २०२० पासून तो नियम आहे. पण ट्रेन रद्द झाली, स्टेशनवर उशीर झाला तर तिने मला कळवायचं कसं? मालवणच्या बाजारात साधे बटणांचे फोन स्वस्त मिळतात, तिथूनच एक घेऊन यावा असं मनात आहे.

– लेकीची आई

०००

ताई, तिकडून आणू नका, किंवा आणायचाच तर नीट तपासून आणा. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरअखेर थ्रीजी बंद झालं. आता फोरजीवरून कॉल लागणारा, म्हणजे व्होल्टी असलेला फोन लागतो, आणि ट्रिपल झीरोचा इमर्जन्सी कॉल ज्या फोनवरून इथल्या नेटवर्कला लागत नाही तो फोन कंपन्या ब्लॉक करतात. भारतातला फोरजी कीपॅड फोन तिकडे मस्त चालतो पण इथे चालेलच असं नाही. इथल्या दुकानातून इथल्या नेटवर्कसाठी विकलेलाच साधा फोन घ्या, कॉल आणि मेसेज पुरे. ब्राउझर असेल तर बंद करून टाका, काही कीपॅड फोनांवर पण व्हिडिओ चालतात.

आणि वर्गातल्या मैत्रिणींच्या ग्रूपचं ती विचारेलच, आज ना उद्या. त्यासाठी व्हॉट्सॅप तुमच्या आयपॅडला जोडलेल्या तुमच्याच नंबरवर देऊ नका, बाकीच्या मुलींचे मेसेज तुम्ही वाचताय हे कळलं तर तिचीच पंचाईत होईल. अमेरिकेत आठवीपर्यंत स्मार्टफोन नाही अशी शपथ एकाच वर्गातले पालक मिळून घेतात, वर्गातली पुरेशी घरं जमली की ती लागू होते. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत पुढच्या वर्षी इयर सेव्हनला जाणारी बरीच मुलं आहेत, त्यांचे पालक एकत्र आले तर तेवढ्या मुलांचं तरी आपसात जमेल. येत्या रविवारी वर्ग सुटल्यावर अर्धा तास थांबू या का? ज्यांना जमेल त्यांनी मला वेगळा मेल करा, यादीवर उत्तर नको, हॉलची किल्ली कोणाकडे आहे ते मी बघतो.

– दोन मुलांचा बाबा