मदत हवी आहे: गाडी चालू असताना बॅटरीचा लाल दिवा लागतो

काल संध्याकाळी पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात बॅटरीचा लाल दिवा लागला. कडेला थांबून हेडलाइट, एसी बंद केले तेव्हा विझला. लावले की परत पेटतो. मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला, पण ती गेल्याच वर्षी नवी घातलीय! घरी मल्टिमीटर लावला: इंजिन बंद असताना 12.4 व्होल्ट, चालू असताना 12.9, हेडलाइट लावल्यावर 12.2. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) नीट असेल तर 13.8 ते 14.5 यायला हवेत ना? त्याचा पट्टा घट्ट आहे, टर्मिनलही साफ केले. मला अल्टरनेटरमधल्या कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटरचा (व्होल्टेज आवरणारा भाग) संशय येतोय. तेवढेच बदलून भागेल, की अख्खा अल्टरनेटर? परवा पहाटे अंधारात आईला तपासणीसाठी पुण्याला न्यायचंय, वाटेत गाडी बंद पडेल याची फार धास्ती वाटतेय. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.