बायोप्लॅस्टिकचे डबे: खरंच कुजतात का नुसतं हिरवं पान छापलंय?

मेसवाला_सिडको: संभाजीनगरात छोटी मेस हाय माझी, पार्सलच जास्त जातंय. डिस्पोजलवाला लई दिवस मागं लागला होता की बायोप्लॅस्टिकचे डबे घ्या मालक, मक्यापासून बनलेत, माती होऊन जातात, बंदीचं टेन्शन नाही. आणले 50. पहिल्याच दिवशी गरम वरण भरलं तर डबा असा मऊ पडला की झाकण बसंना, गिऱ्हाईकाच्या डिकीत सगळं वरण. मग हट्टानं एक डबा कुंडीत पुरला, सोबत केळीची सालं. चार महिने झाले, सालांचा पत्ता नाही आन डबा धुतला तर परत वरण भरता येईल असा! फसवणूक हाय ही सरळ.

पॉलिमरवाली_नांदेड: दादा, फसवणूक असंलच असं नाही. तो पीएलएचा (पॉलिलॅक्टिक ॲसिड, एक बायोप्लॅस्टिक) डबा दिसतोय, मक्याच्या नाहीतर उसाच्या साखरेचं लॅक्टिक ॲसिड करून त्याच्यापासून बनवतात. साधा पीएलए 55-60 डिग्रीला मऊ पडतो, म्हणजे दही-कोशिंबिरीला ठीक, उकळत्या वरणाला नाही. कुजायला पण 58 च्या आसपास गरमी, ओल आणि हवा लागते, तीही कित्येक आठवडे. आणि बायो लिहिलं म्हणजे कुजतंच असं नसतं, उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिन पण बनतं, ते साध्या पिशवीसारखंच पडून राहणार. पाकिटावर आयएस 17088 (कुजणाऱ्या प्लॅस्टिकचं भारतीय मानक) आणि सीपीसीबीचा, म्हणजे केंद्रीय प्रदूषण मंडळाचा सर्टिफिकेट नंबर आहे का ते बघा आधी.

उन्हाळी_परभणी: 58?? इथं मे महिन्यात 43 ला माणसं कुजायलीत, डबा आजून वाट बघायलाय 😂

भंगार_जालना: ताई पुस्तकातलं बरोबर असंल, पण हा डबा दिसायला पेटसारखा (पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक), हातात घेऊन फरक कळत नाही. पेट वितळतो 250 च्या पुढं, हा 170 लाच पाणी होतो, गोणीत मिसळला की पुढचा व्यापारी माल परत धाडतो. माझं ऐकाल तर जाड पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन, साधं प्लॅस्टिक) डबा बरा, बाया धुऊन त्यात डाळ भरून ठेवतात, वर्षभर चालतो, मग माझ्याकडं येतो.

पळसपान: आमच्या किनवटकडं पळसाच्या पानाच्या पत्रावळ्या द्रोण, खाल्लं की गुरापुढं. कशाला पाहिजे पीएलए.

मेसवाला_सिडको: अप्पा, द्रोणात रस्सा पार्सल करून बाईकवर नेऊन दाखवा, सहा महिने जेवण फुकट.

कारखाना_रोड_लातूर: मालकाचं पटत नाही. मी साखर कारखान्याच्या कंपोस्ट यार्डात कामाला हाय. प्रेसमडचे (रस गाळून उरलेली मळी) लांबच लांब ढीग, त्यावर स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) मारायचा आन मशीननं पलटी द्यायची, पहाटे वाफा अशा निघतात की समोरचा माणूस दिसत नाही, आत थर्मामीटर घातला की 60 सहज. म्हणजे तुम्हाला पाहिजे ती गरमी मराठवाड्यातच हाय, मालक कुंडीत शोधायलेत.

मेसवाला_सिडको: आन तिथपर्यंत डबा नेणार कोण? गिऱ्हाईक घरी नेतो, खाऊन घंटागाडीत टाकतो, तिथं ओला सुका सगळा एकच. 2018 ला आपल्या शहराचा कचरा डेपो होता त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तवा रस्त्यावर ढीग बघितलेत आपण. डब्यावर कंपोस्टेबल लिहून काय उपयोग, तो गाडीत चढून तुमच्या यार्डात येतोय का?

भंगार_जालना: आन खतात एक तुकडा सापडला तर शेतकरी ट्रॉली वापस लावंल.

उन्हाळी_परभणी: आन मका-उसाचे डबे म्हणजे परत पाणी. 2016 ला लातूरला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणलं, विसरले वाटतं.

पॉलिमरवाली_नांदेड: ऊस आजही लावतोच आपण, डब्यासाठी जादा लावा म्हणलं का कुणी? अडचण गोळा करायची आहे. हॉस्टेल, कॅन्टीन, लग्नाचा हॉल, जिथं डबा तिथंच रिकामा होतो तिथं जमेल. पार्सलला नाही जमणार, ते मान्य.

मेसवाला_सिडको: मग मला कशाला विकले 😡

कारखाना_रोड_लातूर: उरलेले पोत्यात भरून ठेवा, दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की माझ्या ढिगात घालून बघतो, फोटो टाकतो.

मेसवाला_सिडको: 41 हायत. धुऊन देणार नाही.