महाकाव्य ऐकणे हा पाठाचा अभ्यास मानावा का?

विद्यार्थिनी, सिन्नर
मी नाशिकला संस्कृत विषयात एम. ए. करते आणि रोज सिन्नरहून एसटीने ये-जा करते. या प्रवासात मी वाल्मीकि रामायण बालकांडापासून अरण्यकांडापर्यंत ऐकले; त्यात निवेदन नव्हते, एकही श्लोक गाळलेला नव्हता, केवळ मूळ संहितेचे पठण होते. सत्राच्या निबंधात मी तसे नमूद केले, तेव्हा श्रवण हा पाठाचा अभ्यास धरता येत नाही, असा शेरा मिळाला. तो मला मुळीच मान्य नाही.

बालकांडातच कुश आणि लव हे काव्य गातात आणि त्याचे वर्णन ‘पाठ्ये गेये च मधुरम्’ असे येते. महाभारतही वैशंपायनांनी जनमेजयाला ऐकवले आणि तेच उग्रश्रव्याने नैमिषारण्यात ऋषींना पुन्हा ऐकवले. ज्या ग्रंथांची रचनाच श्रोता समोर धरून झाली, त्यांच्या बाबतीत श्रवणाला दुय्यम ठरवायचे कारण मला सापडत नाही.

शिवाय काही गोष्टी कानालाच आधी कळतात. सर्ग बहुतांशी अनुष्टुभात, म्हणजे आठ अक्षरी चरणांच्या वृत्तात चालतो आणि शेवटी अनेकदा लांब चरणांचे वृत्त येते. पुस्तकात डोळे अर्थामागे धावत असल्यामुळे हा बदल निसटतो, पठणात मात्र सर्ग संपत आल्याची चाहूल आधीच लागते. अरण्यकांडाच्या सोळाव्या सर्गात पहाटे गोदावरीवर स्नानाला जाताना लक्ष्मण हेमंत ऋतूचे वर्णन करतो, धुके आणि गारठा सांगता सांगता त्याला भरत आठवतो, आणि पुढच्याच सर्गात शूर्पणखा येते. वाचताना वर्णनाचे सर्ग उलटून पुढे जाण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते. मी तो सर्ग पूर्ण ऐकला, म्हणूनच पंचवटीतल्या त्या शांत दिवसांनंतर येणारा आघात किती अचानक आहे, हे मला समजले.

निवृत्त संस्कृत शिक्षक, कॉलेज रोड
आपली तळमळ खरी आहे, पण शेरा योग्यच आहे असे माझे मत आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘नासतो विद्यते भावो’ हा चरण घ्या. शंकराचार्य येथे ‘भावः’ (असणे) घेतात, तर मध्वाचार्य ‘विद्यतेऽभावो’ असा पदच्छेद करून ‘अभावः’ (नसणे) घेतात. उच्चार तोच, अर्थ मात्र उलट. अवग्रह, म्हणजे लोपलेला ‘अ’ दाखवणारी ‘ऽ’ ही खूण, ऐकू येत नाही. जो केवळ ऐकतो, त्याला येथे दोन वाटा फुटतात याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण झाली, तिच्या पानापानावर खाली वेगवेगळ्या हस्तलिखितांतील पाठभेद दिलेले आहेत. पठण करणारा त्यांतला एकच पाठ म्हणतो आणि तो कोणता, हे बहुधा सांगतही नाही. अशा स्थितीत विद्यार्थ्याने नेमका कशाचा अभ्यास केला म्हणायचे?

वाचक, पंचवटी
सरांशी सहमत. आमच्याकडे रामकथा ऐकूनच सर्वांना ठाऊक असते, आणि त्यामुळेच लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या अरण्यकांडात आहे असे बहुतेकांना वाटते. ती तेथे नाही.

विद्यार्थिनी, सिन्नर
लक्ष्मणरेषेचा आक्षेप कथाकथनाला लागू पडतो, मूळ संहितेच्या पठणाला नाही. उलट संहिता सलग ऐकणाऱ्यालाच ती तेथे नसल्याचे कळते. सर, अवग्रहाबद्दल नम्रपणे सांगते की जुन्या हस्तलिखितांतही तो अनेकदा लिहिलेला नसतो. तेथील मतभेद आपण भाष्ये वाचून समजून घेतो, केवळ छापील अक्षर पाहून नव्हे. भाष्यासाठी पुस्तक उघडावेच लागते आणि मीही ते उघडते. माझे म्हणणे एवढेच आहे की त्याआधीच्या श्रवणाला शून्य किंमत देऊ नये.

दृष्टिहीन विद्यार्थी, नाशिक रोड
या चर्चेत पुस्तक सर्वांना खुले आहे असे गृहीत धरले जात आहे. जुन्या संस्कृत आवृत्त्या संगणकावर बहुतेकदा पानांच्या छायाचित्रांच्या रूपात मिळतात आणि पडदावाचक सॉफ्टवेअरला छायाचित्रातील अक्षरे आपोआप वाचता येत नाहीत. अशा वेळी पठण हाच माझा पाठ असतो. एका श्लोकाला बारा सेकंद धरले तरी रामायणाचे सुमारे 24,000 श्लोक ऐकायला ऐंशी तास लागतात. एवढे तास लक्षपूर्वक दिलेल्या माणसाला ‘तू अभ्यास केला नाहीस’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

निवृत्त संस्कृत शिक्षक, कॉलेज रोड
आपल्या अडचणीचा विचार मी केला नव्हता हे खरे आहे, आणि आपल्यासाठी पठण हाच पाठ मानला पाहिजे. तथापि ज्यांना पुस्तक उपलब्ध आहे, त्यांच्याबाबत माझे मत बदललेले नाही. भरलेल्या एसटीत ‘वैशंपायन उवाच’ एकदा कानाआड गेले की पुढचे अनेक श्लोक कोणाच्या तोंडचे आहेत, हेच कळेनासे होते. निबंधात श्रवणाचा आधार द्यायचाच असेल, तर पठण कोणत्या आवृत्तीवरून झाले आहे ते लिहावे आणि प्रत्येक विधानापुढे कांड, सर्ग व श्लोकक्रमांक द्यावा. एवढे केलेले असेल, तर तो शेरा मी स्वतः खोडून टाकीन. केलेले नसेल, तर तो तसाच ठेवीन.