एडास चालू ठेवावा की बंद?

रानजाई: दिवाळीत लेव्हल २ एडास असलेली गाडी घेतली, म्हणजे चालकाच्या मदतीला ब्रेक, वेग आणि स्टिअरिंग थोडंफार स्वतः सांभाळणारी. परवा साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकी बोगद्याच्या अलीकडे एक बाईकवाला डावीकडून अचानक पुढे घुसला. माझा पाय ब्रेकवर जायच्या आत गाडीने स्वतःच करकचून ब्रेक मारला. बाईकवाला सुखरूप गेला, पण मागचा टेम्पो आमच्या डिकीपासून हातभर अंतरावर थांबला. मागे मुलगी झोपली होती. शिरवळ येईपर्यंत माझी धडधड थांबली नाही. नवरा म्हणतो, सगळं बंद कर. मला ठरवताच येत नाही. तुम्ही काय करता?

घाटमाथा: ताई, बंदच करा. गाडीला लेनमध्ये ठेवणारा तो लेन असिस्ट, त्याचा कॅमेरा रस्त्यावरच्या पट्ट्या बघून चालतो. कोकणात जुलैमध्ये पट्टीच काय, रस्त्याची कडही दिसत नाही. खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवावं, तर ते पुन्हा खड्ड्याकडेच ओढतं. आणि वेग आपोआप सांभाळणाऱ्या क्रूझने पुढच्या गाडीपासून अंतर राखलं की त्यात रिक्षा शिरलीच म्हणून समजा. मग गाडी पुन्हा वेग कमी करते. आपल्या रस्त्यांसाठी हे बनलेलंच नाही.

निशाचर: घाटमाथा, अजिबात पटलं नाही. लेन असिस्ट वेगळा, आपत्कालीन ब्रेक वेगळा. एकाचा राग दुसऱ्यावर कशाला? इंडिकेटर दिला की बहुतेक गाड्या स्टिअरिंग अडवत नाहीत. मला तर त्यामुळेच इंडिकेटर द्यायची सवय लागली.

मी कामासाठी समृद्धीने नागपूरला जातो. ७०१ किलोमीटरचा रस्ता, १२० ची मर्यादा, आणि कितीतरी वेळ समोर तेच ते दृश्य. एकदा पहाटे चारला डोळा लागला. पट्टी ओलांडली तसं स्टिअरिंग थरथरलं आणि जाग आली. पुढच्या इंटरचेंजला उतरून दोन तास झोपलो. ती थरथर नसती तर काय झालं असतं, याचा विचार आजही करवत नाही.

रानजाईताई, टेम्पो चिकटून येत होता, हा दोष टेम्पोवाल्याचा.

घाटमाथा: तुम्ही वाचलात, फार बरं झालं. पण झोप येत होती तर आधीच का थांबला नाहीत? माझी भीती हीच आहे. गाडी सांभाळून घेईल म्हणून माणूस आणखी शंभर किलोमीटर रेटतो. लेव्हल २ मध्ये जबाबदारी पूर्ण चालकाचीच असते, पण शोरूममध्ये हे कुणी ठासून सांगत नाही. माझा भाचा क्रूझ लावून मोबाइल बघतो. त्याच्या गाडीत बसायचं मी सोडलंय.

निशाचर: थांबायला हवं होतं, मान्य. भाच्याचंही मान्य.

पाना_पक्कड: गॅरेज चालवतो, म्हणून एक सांगतो. कॅमेरा पुढच्या काचेला असतो. काच बदलली की तो कॅलिब्रेट करावाच लागतो, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवावी लागते, आणि त्याची मशीन साध्या गॅरेजात नसते. बऱ्याच गाड्यांत रडार पुढच्या बंपरमागे किंवा ग्रिलमध्ये असतं. त्याच्यासमोर जाड पुट्टी भरून रंग मारला तर ते नीट बघू शकत नाही. जुनी एडासवाली गाडी घेणाऱ्यांनी काच आणि बंपरचं काम कुठे झालंय ते आधी विचारा.

रानजाई: सगळ्यांचे आभार. काल मॅन्युअल वाचायला बसले. धडकेच्या इशाऱ्याला तीन पायऱ्या आहेत. माझा 'लवकर'वर होता, तो 'मध्यम' केला. ब्रेक चालूच ठेवणार, कारण बाईकवाला मला दिसायच्या आधी गाडीला दिसला होता. लेन असिस्ट महामार्गापुरता. नवरा अजून तयार नाही. रविवारी त्यालाच चालवायला देणार आहे, मुलीला आजीकडे ठेवून.