मदत हवी आहे: हार्टनस्टाइनला किती द्यायचे? रात्रीच्या आत उत्तर पाहिजे

जिद्दी_जीएम
एनबीएची (अमेरिकी बास्केटबॉल) सिम लीग, म्हणजे टीमचा मॅनेजर होऊन खेळायचा खेळ, चालू आहे, ३० टीम, ३० जण. माझ्याकडे न्यूयॉर्क निक्स. आयझाया हार्टनस्टाइन फ्री एजंट झालाय, म्हणजे करार संपून मोकळा. वय २६, सात फुटी सेंटर, गेल्या सीझनला ७.८ गुण, ८.३ रिबाउंड, २.५ असिस्ट. चार वर्षांचा करार करायचाय. मी वर्षाला २० मिलियन डॉलरपर्यंत जायला तयार आहे, मित्र म्हणतो १४ च्या वर एक छदाम देऊ नकोस. बरोबर आकडा कोणता? रात्री ११ ला बोली बंद होते.

कोथरूडचा_सेंटर
कुठला उन्हाळा? नियम खरे लावलेत की सोपे करून? त्याच्यावर तुमचे कोणते हक्क आहेत? आणि बाकी टीममध्ये कोण कोण?

जिद्दी_जीएम
२०२४ चा. नियम सगळे खरेच. हक्क म्हणजे काय, तो माझाच खेळाडू आहे. कॅपच्या (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) वर जाऊन हवं ते देता येतं ना?

कोथरूडचा_सेंटर
नाही येत. निक्सने त्याला २०२२ मध्ये दोन वर्षांसाठी घेतलं होतं. पूर्ण बर्ड हक्कासाठी (आपल्याच खेळाडूला कॅपच्या वर जाऊन त्याच्या कमाल पगारापर्यंत देण्याची सवलत) तीन सीझन लागतात, दोन झाले की अर्ली बर्ड. त्यात पहिल्या वर्षाचा पगार आधीच्या पगाराच्या १७५ टक्क्यांपर्यंतच नेता येतो. २०२३-२४ चा पगार ९.२४५ मिलियन (पुढचे आकडेही मिलियनमध्येच), म्हणजे कमाल १६.१८. पुढे दरवर्षी पहिल्या पगाराच्या ८ टक्के वाढ: १७.४७, १८.७७, २०.०६. चार वर्षांचे ७२.५. तुमचा २० चा आकडा चौथ्या वर्षीच येतो, आधी नाही.

बास्केटप्रेमी_नाशिक
कमाल पगार अनुभवावर ठरतो. ० ते ६ वर्षे कॅपच्या २५ टक्के, ७ ते ९ ला ३०, १० च्या पुढे ३५. याची सहा वर्षे झालीत, २०२४-२५ ची कॅप १४०.५८८, म्हणजे ३५.१४७ पर्यंत देता येतील.

कोथरूडचा_सेंटर
ती खेळाडूची मर्यादा झाली. टीम ज्या सवलतीतून पैसे देते तिची मर्यादा वेगळी. दोन्हींत जी कमी, ती लागू.

जिद्दी_जीएम
बरं, मग १६.१८ की १४? एवढंच सांगा.

डंकवाला
मिड-लेव्हल (कॅपच्या वर असतानाही कोणालाही घेता येईल अशी ठराविक रकमेची सवलत) कोणी काढलंच नाही! १२.८२२ तिथून, बाकीचे अर्ली बर्डमधून. झाले २९. विषय संपला.

एडिसनकर
@डंकवाला, एका खेळाडूसाठी दोन सवलतींची बेरीज चालत नाही. एकच निवडायची. मिड-लेव्हल इथे अर्ली बर्डपेक्षा कमी आहे, त्याच्यावर ती वापरायचं कारणच नाही.

शिवाय सगळे ढोबळ पगारावर भांडताय. खेळाडू हातात काय पडतं ते बघतो. न्यूयॉर्कचा राज्य कर वरच्या टप्प्यात १०.९ टक्के, शहरात राहिला तर त्यावर ३.८७६. उदाहरणार्थ, ओक्लाहोमाचा २०२४ मध्ये ४.७५. बाहेरच्या सामन्यांचा कर त्या त्या राज्यात भरावा लागतो, त्यामुळे फरक पूर्ण मिळत नाही, पण मोठा आहे.

बास्केटप्रेमी_नाशिक
सिम लीगमधला खेळाडू कर भरतो का हो?

एडिसनकर
नियम खरे म्हणाले ना ते!

स्क्रीन_सेट
बाजार बघा. २०२४ मध्ये निक क्लॅक्सटनला नेट्सने चार वर्षांचे १०० दिले. योनास व्हालान्चुनासला विझर्ड्सकडून तीन वर्षांचे ३०.३, गोगा बिटाड्झेला मॅजिककडून तीन वर्षांचे २५. सेंटरचा पट्टा वर्षाला ८ ते २५. हार्टनस्टाइन क्लॅक्सटनच्या खाली, पण बाकी दोघांच्या बराच वर. १६.१८ म्हणजे कॅपचे साडेअकरा टक्के. पुढच्या वर्षी कॅप १० टक्क्यांनी वाढली आणि पगार ८ नेच वाढला, तर टक्केवारी उलट घसरते. चढता करार म्हणून बिचकू नका.

डंकवाला
७.८ गुणांना १६ मिलियन? मिचेल रॉबिन्सन १४.३ वर बसलाय ना तुमच्याकडे!

स्क्रीन_सेट
रॉबिन्सनच्या घोट्यावर डिसेंबर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, म्हणून तर हार्टनस्टाइन ४९ सामन्यांत पहिल्या पाचात उतरला. सेंटरचे गुण मोजायचे नसतात. स्क्रीन (सोबत्यासाठी बचावपटूला अडवणं), आक्रमक रिबाउंड, फ्लोटर (उंच हलका शॉट) आणि हाय पोस्टवरून (फ्री थ्रो रेषेजवळून) पास, याचे पैसे असतात. रॉबिन्सन पास देत नाही, रिमपासून लांब शॉट घेत नाही.

कोथरूडचा_सेंटर
@जिद्दी_जीएम, पहिल्या प्रतिसादातला शेवटचा प्रश्न अजून तसाच आहे. बाकी टीम? अनुनोबीचं काय? बोगदानोविच? नेट्सचा ब्रिजेस घेतला का?

जिद्दी_जीएम
ब्रिजेस नाही घेतला. बोगदानोविचला कॅपमध्ये जागा असलेल्या टीमला देऊन टाकला. ब्रन्सन, रँडल, हार्ट, रॉबिन्सन, डिव्हिन्चेन्झो, मॅकब्राइड आहेत. अनुनोबीशी पाच वर्षे २१२.५ ठरलंय, सही बाकी.

कोथरूडचा_सेंटर
हे आधी सांगायचं. सहा जणांचे साधारण १०२.५. अनुनोबीचं पहिलं वर्ष ३६.६, म्हणजे १३९.१. हार्टनस्टाइन १६.१८ ला, १५५.३. १४ जण पूर्ण करायला सहा किमान करार, प्रत्येकी २.०८७, एकूण १६७.८. लक्झरी टॅक्सची रेषा (पगार त्यावर गेला की टीमला दंडकर) १७०.८१४. तीन मिलियन मोकळे.

आता मूळ मुद्दा. हे १६.१८ फक्त त्याच्यासाठीच वापरता येतात. तो गेला तर ते पैसे दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत, कारण तुम्ही कॅपच्या जवळ आहात आणि हक्क त्याच्याच नावाने आहेत. तेव्हा "तो १६ च्या लायकीचा आहे का" हा प्रश्नच नको. तो गेला तर बाजारात तुमच्या हातात काय, तर १२.८२२ ची मिड-लेव्हल. म्हणून पूर्ण १६.१८ द्या.

स्क्रीन_सेट
पूर्णपणे पटत नाही. १४ मध्ये एक अर्थ आहे. हार्टनस्टाइन ठेवून वर पूर्ण मिड-लेव्हलही वापरायची असेल तर पहिल्या एप्रनवर (टॅक्सच्या वरची पुढची रेषा), म्हणजे १७८.१३२ वर, हार्ड कॅप लागते, ती ओलांडताच येत नाही. १६.१८ धरून, मिड-लेव्हल आणि पाच किमान करार घातले की १७८.५ होतात. बसत नाही. १४ ला १७६.४, बसतं. टॅक्स मात्र साडेआठच्या आसपास भरावा लागेल.

कोथरूडचा_सेंटर
पाचातला एक ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) दुसऱ्या फेरीतला रूकी (नवखा) १.१६ वर घेतला की १६.१८ लाही बसतं. ड्राफ्ट न झालेला घेऊ नका, टॅक्सच्या हिशोबात तो २.०८७ नेच मोजला जातो.

डंकवाला
अनुनोबीला सोडा. सही झालीच नाहीये. कॅपमध्ये जागा होईल, मग अर्ली बर्डची भानगडच नाही.

एडिसनकर
होईल की. रिकाम्या जागांचे १.१६ प्रमाणे धरले आणि पहिल्या फेरीचे पिक वजा केले तर २९-३० उरतात. हार्टनस्टाइनला २९, आणि विंगला, म्हणजे अनुनोबीच्या जागी, कोण? कॅपखाली गेल्यावर मोठी मिड-लेव्हलही जाते, ७.९८३ ची छोटी राहते.

स्क्रीन_सेट
प्रत्यक्षात काय झालं ते माहीत आहे ना? निक्सना ७२.५ च्या वर जाताच आलं नाही. ओक्लाहोमाच्या थंडरकडे जागा होती, त्यांनी तीन वर्षांचे ८७ दिले. ३०, २८.५, २८.५, तिसरं वर्ष टीम ऑप्शन (ठेवायचं की नाही ते टीम ठरवते). @जिद्दी_जीएम, तुमच्या लीगमध्ये ओक्लाहोमाकडे जागा आहे का?

जिद्दी_जीएम
आत्ता कमिशनरला विचारलं. ३५ आहे. बोली लागल्येय, आकडा सांगत नाही.

कोथरूडचा_सेंटर
मग पैशाने हरवता येणार नाही, रचनेने प्रयत्न करा. अर्ली बर्डमध्ये ऑप्शन सोडून किमान दोन वर्षे लागतात, म्हणून दोन पक्की आणि तिसरं प्लेअर ऑप्शन (राहायचं की नाही ते खेळाडू ठरवतो): १६.१८, १७.४७, १८.७७. २०२६ ला तो बाहेर पडू शकतो. तेव्हा आठ वर्षांचा अनुभव, तुमच्याकडे पूर्ण बर्ड हक्क, कमाल ३० टक्के. वर १५ टक्के ट्रेड बोनस (दुसऱ्या टीमला दिलं तर त्याला मिळणारी जादा रक्कम) लिहून द्या. चार वर्षांच्या सरळ करारापेक्षा त्याला हे जास्त भावेल.

स्क्रीन_सेट
एका वर्षाचा करारही आहे. नॉन-बर्डमधून (अर्ली बर्डच्या खालची सवलत) आधीच्या पगाराच्या १२० टक्के, ११.०९. पुढच्याच उन्हाळ्यात पूर्ण बर्ड. पण समोर ३० असताना कोण घेणार?

डंकवाला
साइन-अँड-ट्रेड? म्हणजे सही करून लगेच दुसऱ्या टीमला द्यायचा?

एडिसनकर
त्यातही सुरुवात १६.१८ नेच होणार. तुमच्या बाजूने बाहेर जाणारा पगार मात्र ९.२४५ धरला जातो, कारण वाढ २० टक्क्यांच्या वर आहे आणि तुम्ही कॅपच्या वर. परत येणारा खेळाडू त्या हिशोबात बसवावा लागेल. आणि ज्याच्याकडे ३५ ची जागा आहे तो तुमच्याशी सौदा कशाला करेल?

जिद्दी_जीएम
२+१ आणि ट्रेड बोनस टाकतोय. तो गेला तर?

कोथरूडचा_सेंटर
मिड-लेव्हल लगेच संपवू नका. रॉबिन्सनचा घोटा कधी बरा होतो ते आधी पाहा. अचिउवा अजून मोकळा असेल तर खऱ्या निक्सनी त्याला एका वर्षासाठी सहाला ठेवलं होतं, तिथून सुरुवात करा.

बास्केटप्रेमी_नाशिक
ही लीग कुठल्या अ‍ॅपवर खेळता? जागा असेल तर मलाही सांगा.